बिबट्याच्या आधीची फ्रेम

मराठी दैनिकाच्या फोटो डेस्कवर मी काम करते. पान लावणाऱ्याला छायाचित्राबद्दल बहुधा एकच गोष्ट हवी असते: आडवे आहे की उभे. त्या दिवशी मी रविवारच्या पुरवणीसाठी योनास बेंडिकसेन या नॉर्वेजियन छायाचित्रकाराच्या ‘द बुक ऑफ व्हेलेस’ या पुस्तकावरचा मजकूर तपासत होते. २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांमुळे गाजलेल्या, उत्तर मॅसिडोनियातल्या व्हेलेसवरचे हे पुस्तक २०२१ साली आले. त्यातले रस्ते आणि खोल्या खऱ्या आहेत; माणसे आणि अस्वले मात्र संगणकावर घडवलेली, आणि मजकूरही यंत्राकडून लिहवून घेतलेला. फ्रान्समधल्या पेर्पिन्याँच्या छायापत्रकारिता महोत्सवात ही छायाचित्रे पडद्यावर दाखवली गेली, तरी जाणकारांनी हरकत घेतली नाही. शेवटी बिंग फुटावे म्हणून बेंडिकसेनने बनावट फेसबुक खात्यावरून स्वतःवरच आरोप केले.

संध्याकाळी जुन्नरच्या वार्ताहराने छायाचित्र पाठवले: विहिरीच्या कठड्यावर बसलेला बिबट्या, मागे तोडणीला आलेला ऊस. पहिल्या पानाची जबाबदारी असलेल्या वरिष्ठांनी मोबाइलवर पाहून निकाल दिला, “एआय आहे, नको.” (व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बाकी सगळ्यावर त्यांचा विश्वास असतो.)

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या छायाचित्रात कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती सहसा उरत नाही, म्हणून मी मूळ फाइल आणि आधीनंतरच्या फ्रेम ईमेलने मागवल्या. आधीच्या फ्रेममध्ये नुसता कठडा आणि उसातले अस्पष्ट कान होते. नंतरच्या फ्रेममध्ये बिबट्या गेलेला, पण सिमेंटवर ओल्या पंजाचा ठसा उमटलेला. पंपाच्या पाइपाची आणि बिबट्याची सावली एकाच दिशेला पडली होती. हे सगळे दाखवूनही छायाचित्र आतल्या पानावर, दोन कॉलमांत गेले.

बेंडिकसेनकडे मूळ फ्रेम मागितली असती, तर रिकामा रस्ता दिसला असता. पण व्हेलेसबद्दल पाहणाऱ्यांचे जे मत आधीच झाले होते, तेच ती छायाचित्रे सांगत होती, मग शंका यावी कशाला? आमचा बिबट्या मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरणाऱ्या खोट्या बिबट्यांसारखा दिसला, एवढाच त्याचा दोष.

वार्ताहराने विचारले, “ताई, आता दर वेळी फ्रेमा पाठवायच्या का?” मी हो म्हटले. तेव्हापासून मंत्र्यांच्या उद्घाटनांच्या छायाचित्रांचीही मूळ फाइल मी मागते. जनसंपर्कवाले त्याच, उजळ करून घेतलेल्या फाइली पुन्हा पाठवतात, आणि त्या चार कॉलमांत छापल्या जातात.