गुपचुप तोंडात जाईना

पोरीला घेऊन गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो होतो. पुरी तोंडाशी नेली, ओठावरच फुटली. दुसरीही फुटली. पोरगी खिदळली, "बाबा, तोंड मोठं उघडा ना!" मी उघडलंच होतं.

खर्रा बाविसाव्या वर्षी लागला. विदर्भाबाहेरच्यांना सांगतो: प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून ठेलेवाला दाबून घोटतो, पुडी हातात येते तेव्हा कोमट असते. गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. आमच्या कोपऱ्यावरचा ठेला आहे तिथेच आहे. माझ्या दिवसाला सहा पुड्या, एक तर झोपताना गालात.

डेंटल कॉलेजात मॅडमनी दातांमध्ये पट्टी धरली. २३ मिलिमीटर. धड माणसाच्या तोंडात एकावर एक तीन बोटं उभी जातात, माझ्या तोंडात दुसरं बोट अडकलं. गाल आतून चाचपला तर दोरखंडासारखा लागला. आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. वर्षभरापासून मला तिखट सोसत नव्हतं आणि मी बायकोवर खेकसत होतो, भाजीत मिरची वाढवलीस म्हणून!

मग मी शहाणपणा केला. तंबाखू सोडली, सुपारी ठेवली. निकोटिनचं गम चघळायला जबडाच फिरेना, म्हणून दंडावर निकोटिनची पट्टी लावायचो. तरी पहिले तीन-चार दिवस डोकं ठणकत होतं, पोरांवर उगाच ओरडत होतो, आणि सांगायला लाज वाटते पण खर्रा नाही तर सकाळी पोटही साफ होईना. आठवडाभर इसबगोलवर काढला. तंबाखूच्या पाकिटावर छापलेल्या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ वरही दोनदा फोन केला. ओढ आली की पाच-दहा मिनिटं टाळायची, ती आपोआप उतरते, एवढं तिथून शिकलो.

महिन्यानं छाती फुगवून मॅडमना सांगायला गेलो. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, गाल सुपारीनेच आवळलाय!" सुपारीतल्या आरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साचत जातात आणि गाल आखडतो. नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो. आमच्याकडे ती पाहुण्याला जेवणानंतर वाटीत पुढे करतात, बाळंतिणीलाही देतात. तंबाखूला सगळे शिव्या घालतात, सुपारी मात्र देव्हाऱ्यात बसते. माझा राग अजून तिच्यावरच जास्त आहे.

सुपारी सोडणं मला तंबाखूपेक्षा जड गेलं. खिशात बडीशेप ठेवली, ऑफिसला जायचा रस्ता बदलला. ठेलेवाला बिचारा चांगला माणूस, पण "भाऊ, घोटू का?" एवढं त्यानं म्हटलं असतं तर मी थांबलो असतो.

गालावर पांढरा चट्टा होता, त्याचा तुकडा तपासायला गेला. ते नऊ दिवस मी कसे काढले, ते लिहीत नाही. कॅन्सर निघाला नाही. पण आखडलेला गाल पूर्ववत होत नाही, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी कायमची.

गालात इंजेक्शनं झाली. रोज सकाळी आरशासमोर आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये धरतो, थोड्या दिवसांनी एक काडी वाढवतो. चौदा महिन्यांत २३ चे ३० मिलिमीटर झाले. मागच्या रविवारी गुपचुपवाल्याला म्हटलं, "लहान पुऱ्या वेच रे भाऊ." पाच खाल्ल्या. सहावी फुटली, शर्टावर.