सुटाचे सेकंद

“सर, तो पोहण्याचा महागडा सूट घेतला तर पोरीचे किती सेकंद कमी होतील?” आज जळगावच्या तरणतलावावर एका वडिलांनी प्रशिक्षकांना विचारले. तिच्या हातांबद्दल, वळणाबद्दल मात्र एक अक्षर नाही.

प्रश्न अगदीच भाबडा नव्हता म्हणा. शरीर घट्ट आवळणाऱ्या आणि पाण्यात उचलून धरणाऱ्या पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या सुटांच्या जोरावर २००९ साली रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. तिथेच असाच सूट घालून जर्मनीच्या पॉल बीडरमनने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ऑलिंपिक विजेत्या मायकेल फेल्प्सला हरवले. २०१० पासून असे सूट बंद झाले, आता कापडीच चालतात.

पण कापडी सूटही हजारोंच्या घरात असताना, गिरणेच्या डोहात पोहायला शिकलेल्या पोराने साध्या चड्डीवर कुणाशी बरोबरी करायची?