तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीच्या डिस्क माळ्यावर का?

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ गाडी उभी केली की कुणीतरी थांबतंच. बॉनेटवरून हात फिरवून होतो, "आमच्या काकांकडे होती" हे सांगून होतं, मग वाकून चाकाकडे बघत प्रश्न येतो, "ब्रेकचं काय केलंत? डिस्क बसवल्यात ना?"

डिस्क घेतल्यात. बसवलेल्या नाहीत.

गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून 'शू' दाबतात. (डिस्क म्हणजे तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी 'पॅड' चिमटतात.) मुंबईत याच गाड्यांनी टॅक्सी म्हणून हयात घालवली. 30 ऑक्टोबर 2023 ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली, तोवर ड्रमबद्दल कुणी फार कुरकुर केली नाही, कारण दादरहून कुलाब्याला जाताना आंबा घाट लागत नाही. आम्हाला लागतो.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी कोल्हापूरहून खरेदी करून येत होतो. पाच माणसं, डिकी भरलेली. चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात कण्हणारी गाडी उतारावर मजेत पळत होती, म्हणून मी ती टॉपमध्येच ठेवली. साखरप्याच्या अलीकडे एका वळणावर पाय दाबला तो थेट फळीला टेकला. तिसरा, दुसरा, हँडब्रेक, आणि डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक लावून कशीबशी थांबलो. जळक्या लायनरचा, म्हणजे शूवरच्या अस्तराचा, वास सुटला होता. मेहुणा पाण्याची बाटली घेऊन ड्रमवर ओतायला निघाला, त्याला ओरडून थांबवलं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. तासभर बसलो. मग पेडल दाबून पाहिलं तर अगदी घट्ट, जसं काही झालंच नव्हतं.

हे आपोआप बरं होणं बघूनच आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी आजार ओळखला. "ब्रेक ऑइल कधी बदललं, भाऊ?"

"बदलत नाही. कमी झालं की टाकतो."

त्यांनी निपल सैल करून थोडं बाटलीत काढलं. कोरा चहा.

पायाचा जोर पाइपातून चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल नावापुरतं ऑइल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते डोळ्यांना दिसतं, हे दिसत नाही, एवढाच फरक. नवं डॉट 3 (ही ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच मर्यादा 140 वर येते. आता घाटाचा हिशेब करा. माणसं-सामान धरून 1200 किलोची गाडी 100 मीटर खाली आली, की तेवढ्यात सुटणाऱ्या ऊर्जेवर चार लिटर पाणी उकळेल. इंजिनाने ती रोखली नाही तर बहुतेक सगळी ड्रममध्ये जाते. ऑइल उकळलं की पाइपात बुडबुडे होतात. पाय मग ते बुडबुडे दाबत बसतो, शू जागचे हलत नाहीत. त्यात ड्रम तापून फुगतो, शूपासून आणखी लांब जातो.

म्हणजे त्या दिवशी दोष जुन्या ब्रेकांचा कमी आणि माझ्या आळसाचा जास्त होता. पण गाडी उघडल्यावर जे निघालं ते याहून वाईट. मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी पाइप खाऱ्या हवेने असा खाल्ला होता की चाचांनी नखाने पापुद्रे काढले. माझ्या गाडीत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पाइपात ढकलणारा पंप, एकेरी होता. पाइप कुठेही फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जाणार! घाटात ऑइल उकळलं म्हणून मी वाचलो म्हणायचं. थंड झाल्यावर ते परत आलं, फुटलेला पाइप परत आला नसता.

म्हणून पैसे आधी तिथे घातले. सगळे पाइप तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे केले, ते गंजत नाहीत. (फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी कुणी सुचवली तर ऐकू नका, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते.) चाकात शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरना आतून खड्डे पडले होते, त्यांना स्लीव्ह (आत नवी नळी) घातल्या. ड्रम लेथवर फिरवून घेतले, लायनर नवीन लावलं, ऑइल डॉट 4. आणि मास्टर सिलिंडर दुहेरी बसवला: पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तर दुसरी उरते. सगळ्यात जास्त काम याचंच होतं, आणि याबद्दल आजवर मला कुणीही विचारलेलं नाही.

डिस्कचा मोह मलाही झाला. पावसात वहाळावरचं पाणी ओलांडलं की ड्रम भिजतात आणि पुढची काही मिनिटं ब्रेक फक्त नावाला असतात. पेडल हलकं दाबत गाडी चालवून ते सुकवावे लागतात. डिस्क चटकन सुकते, तापली तरी हवेवर निवते. तेव्हा एका जुन्या मारुतीच्या डिस्क, कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) सगळं आणलं. चाचांनी कॅलिपर हबशी धरून पाहिला आणि यादीच सांगितली. ड्रममध्ये फिरणारं चाकच शूला ओढून घेतं, डिस्कला ती मदत नाही, सगळा जोर पायाचा, म्हणजे तो जोर वाढवणारा बूस्टर हवा. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब अडवून ठेवणारा वॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहणार. पुढे-मागे जोर नीट वाटला नाही तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी होणार. वर कॅलिपर रिमला घासत होता तो वेगळाच. "करू या, पण करायचं तर सगळं," चाचा म्हणाले. नुसत्या डिस्क लावून फोटो काढणारे मी पाहिलेत, त्यांच्या मागच्या सीटवर मी बसणार नाही.

ते 'सगळं' करण्याइतके पैसे अजून जमलेले नाहीत. तोवर डिस्क ऑइलच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात, नारळांच्या शेजारी. दर दिवाळीआधी नवं ऑइल भरून हवा काढतो. ही पेडलवर बसते, मी चाकाखाली. "दाब. धर. सोड." चौथ्या चाकाला ती हमखास विचारते, "त्या माळ्यावरच्याचं काय करायचंय?"