बाद करायच्या पुस्तकांची ट्रॉली

गेले दोन आठवडे लायब्ररीत पुस्तकं बाद करायचं काम चालू आहे. म्हणजे पानं सुटलेली, वर्षानुवर्षं कुणी घरी न नेलेली, माहिती शिळी झालेली पुस्तकं रॅकवरून काढायची, रजिस्टरला नोंद करायची आणि ट्रॉलीवर ठेवायची. काम सरळ आहे, पण मी पुस्तक उघडून बघते आणि उघडलं की वाचत बसते. त्यातही कथा-कादंबऱ्यांपेक्षा मला माहितीच्या पुस्तकांची ओढ जास्त, मग विषय पूल बांधण्याचा असो, मुंग्यांचा असो नाहीतर नाण्यांचा.

परवा शरीररचनेवरचं एक जुनं पुस्तक हातात आलं. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, असं त्यात अगदी ठामपणे छापलंय. आता शाळेतली मुलंसुद्धा ४६ सांगतील. पण मी थांबले ते समासाकडे बघून. तिथे कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘४६?’ असं लिहिलंय आणि त्याच्याखाली वेगळ्याच हस्ताक्षरात, शाईच्या पेनाने, ‘हो, ४६च’. पुस्तकात लिहू नका हे मी रोज दहा जणांना सांगते, पण ते पान काही माझ्याच्याने मिटवेना. एकमेकांना बहुतेक कधी न भेटलेली दोन माणसं तिथे बोलत होती ना!

मग शोधाशोध केली. थिओफिलस पेंटर या शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ४८ हा आकडा दिला. तेव्हा पेशींचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली मोजायचे, गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, कुठली कुठे संपते तेच कळत नसे, त्यामुळे चूक होणं साहजिक होतं. पण त्यानंतर इतरांनीही मोजली आणि त्यांनाही ४८च दिसली, आणि मला हे सगळ्यात जास्त लागलं, कारण आकडा आधीच ठाऊक असला की डोळे तोच शोधतात, हे मी स्टॉक मोजताना स्वतः अनुभवलंय. शेवटी १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी ४६ असल्याचं छापलं. पेशी पातळ द्रावणात ठेवून फुगवायच्या, मग दाबून सपाट करायच्या, की गुणसूत्रं सुटी सुटी पसरतात आणि नीट मोजता येतात. म्हणजे तीसेक वर्षं अडलं होतं ते नीट पसरवून बघण्यावाचून.

ट्रॉलीवरची सगळीच पुस्तकं मी अशी जवळ घेत नाही हं. पोटाच्या अल्सरवरचं एक होतं, त्यात सगळा दोष काळजीला आणि तिखटाला दिलेला. बऱ्याच अल्सरमागे एक जिवाणू असतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, कुणाला पटेना म्हणून मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन बघितला, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ते पुस्तक मी लगेच बाद केलं. औषधांची आणि कायद्याची जुनी पुस्तकं रॅकवर ठेवणं मला चुकीचंच वाटतं, कारण ती वाचून कुणीतरी खरंच तसं वागेल.

पण बाकीच्यांचं काय? भूगोलाच्या एका पुस्तकात पृथ्वी थंड होऊन आक्रसली आणि सुरकुत्या पडून डोंगर झाले असं लिहिलंय, आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच खंड सरकतात असं सांगितलं होतं तरी ते सर्वमान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं. खगोलशास्त्राच्या रॅकवर तर अजून नऊ ग्रहांची पुस्तकं आहेत, प्लूटो २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला तरी.

रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ चे. त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा, हा मला पुस्तक बाद करताना फार छळतो. कारण ४८ वालं पुस्तक शरीररचना शिकणाऱ्याच्या हाती पडलं तर नुकसानच आहे, पण माणसं कशी चुकतात आणि चूक कशी सापडते हे ज्याला बघायचंय त्याच्यासाठी त्याच्याइतकं चांगलं पुस्तक मला तरी माहीत नाही. पुस्तक तेच, वाचक वेगळा. ड्युईच्या वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयावरून आकडे देण्याच्या पद्धतीत, मधमाशीचंही असंच आहे, कीटक म्हणून ती ५९५ मध्ये आणि मध काढायचा असेल तर पार ६३८ मध्ये, मधे कितीतरी रॅक.

तेव्हा काल मुख्य ग्रंथपाल मॅडमना ते समासाचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही हस्ताक्षरं वाचली आणि म्हणाल्या, “शरीररचनेत नको, ५०९ ला लाव.” ५०९ म्हणजे विज्ञानाचा इतिहास. रजिस्टरातली नोंद खोडून बाजूला सही केली, कण्यावरचं ६११ चं लेबल ओल्या कापसाने सोडवलं, नवीन चिकटवलं, आत कोरी तारीखपट्टी लावली. डिंक वाळेपर्यंत वर शब्दकोशाचे दोन जाड खंड ठेवून आलेय.