बिनपदकाची माणसं

गुरुवार, रात्री उशिरा

सोसायटीच्या गणपतीतली प्रश्नमंजुषा यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. विषय पुरस्कारविजेते चित्रपट आणि त्यातले कलाकार. सेक्रेटरी काकांनी जिन्यातच बजावलं, "सोपं ठेव हं, म्हातारीकोतारी माणसं असतात." मला भीती म्हाताऱ्यांचीच आहे. त्यांना सगळं पाठ असतं. आमच्या मजल्यावरच्या आजी तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतात आणि वर, "पण तेव्हा आम्ही तो सिनेमा कुठे पाहिला होता, सांगू का?" असं सुरू करतात. मला खरं तर तसलेच प्रश्न हवे आहेत, उत्तर मिळाल्यावरही बोलणं चालू राहील असे.

पहिला प्रश्न काढायला वेळ लागला नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक कोणत्या चित्रपटाला? 'श्यामची आई', 1953, अत्र्यांचा. हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात, म्हणून त्याला जोडप्रश्न घातला: त्याच वर्षी माहितीपटाचं सुवर्णपदक कशाला मिळालं? 'महाबळेश्वर' नावाच्या माहितीपटाला! म्हणजे देशातली पहिली दोन पदकं, एक साने गुरुजींच्या कोकणाला आणि एक आपल्या थंड हवेच्या ठिकाणाला. आणि 'दो बिघा जमीन'ची त्या वर्षी प्रशस्तिपत्रकावर बोळवण झाली. यावर नक्की वाद होणार. होऊ दे.

वनमालाबाईंपाशी मात्र अडकलो. श्यामची आई म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती त्यांची साधी लुगड्यातली, ओढलेल्या चेहऱ्याची मूर्ती. पण बाई ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातल्या, आणि 1941 च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरांसमोर नायिका. पडद्यावरची देखणी रुखसाना बारा वर्षांनी पालगडच्या गरीब घरातली यशोदा झाली आणि कुणाला ते खटकलं नाही. बरं, एवढं करून अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक? ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. नट-नट्यांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात झाली ती 1967 च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. बालकलाकाराचा पुरस्कारही नंतरचाच, म्हणून श्याम झालेल्या माधव वझेंच्या वाट्यालाही काही नाही. ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले, पण लोकांनी त्यांना श्यामच म्हणायचं सोडलं नाही.

मग डोक्यात तेच बसलं. पदक चित्रपटाला मिळतं, आणि ज्याच्या चेहऱ्यावर तो चित्रपट उभा राहिला तो माणूस यादीत सापडतच नाही. यादी बाजूला ठेवली आणि अशीच माणसं शोधत बसलो.

'संत तुकाराम' तर यासाठी खाणच. 1936, प्रभात कंपनीचा, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सत्तावन्न आठवडे चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करणारे. आणि जिजाई झालेली गौरी ही काही नावाजलेली नटी नव्हे. स्टुडिओतल्या किरकोळ कामांतून पुढे आलेली बाई. पोर तापाने फणफणलंय, नवरा भजनात, आणि ही थेट देवळात शिरून विठोबावर वहाण उगारते. त्या दृश्यात तिचा पदर, तिचा आवाज, चालण्यातली ती तरातर, काहीच 'केलेलं' वाटत नाही. पागनीसांवर लोक लिहितात ते योग्यच आहे, पण माझं मत विचाराल तर सिनेमा गौरीने उचलला आहे. तुकोबांच्या भक्तीला वजन येतं ते ही बाई समोर उभी राहून पिठामिठाचा हिशेब मागते म्हणून.

याच सिनेमातला दुसरा प्रश्न मी मुद्दाम शेवटच्या फेरीत टाकणार आहे. 'आधी बीज एकले' हा अभंग गाथेत कुठे आहे? गाथेत नाहीच! तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला. भल्याभल्या अभ्यासकांनी तो तुकोबांचाच समजला होता. आजी इथे फसतील असं वाटतंय, आणि नाही फसल्या तर मी त्यांना पेढा देईन.

'श्वास'चा प्रश्न सोपा ठेवला. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ, म्हणजे तेच सुवर्णपदक नव्या नावाने, मिळवणारा दुसरा मराठी चित्रपट, मधे जवळजवळ पन्नास वर्षं. तिथे मात्र अश्विन चितळेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. ऑस्करच्या वारीसाठी लोकांनी वर्गणी काढली होती, ते आमच्या पिढीला आठवतं.

आणि मग 'कोर्ट'. 2014, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे, व्हेनिसमध्ये दोन पारितोषिकं आणि इथे सुवर्णकमळ. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार यातल्या कुणालाच नाही. लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. 2021 मध्ये कोरोनाने गेले. बचावाचा वकील झालेला विवेक गोम्बरच चित्रपटाचा निर्माता. इतकं प्रश्नमंजुषेला पुरे होतं.

पण त्यात एक साक्ष आहे. ज्याच्या मृत्यूवरून शाहिरावर खटला चालतो, त्या मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या कामगाराची बायको पिंजऱ्यात उभी आहे. वकील विचारतो, ती मोजक्या शब्दांत सांगते. नवरा उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का बघायचा. आली तर आत हवा आहे असं समजायचा. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही, फक्त दमलेली उत्तरं. ही भूमिका करणारी बाई खऱ्या आयुष्यातही अशाच कामगाराची विधवा आहे.

हे मांडवात, समोशांच्या प्लेट फिरत असताना, दहा गुणांसाठी विचारायचं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "विचार. पण गुण ठेवू नकोस त्याला." मी कागदावर त्या प्रश्नापुढचा दहाचा आकडा खोडला. सेक्रेटरी काका उद्या विचारतील, मग बेरीज शंभर कशी होणार? नव्वदची होईल.