तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेल्या बॅटिंगचं काय करायचं?

बॅटिंग म्हणजे गोधडीच्या दोन कापडांच्या मध्ये घालायचा मऊ थर. गोधडीच्या कडा कापून झाल्या की त्याच्या लांबलचक पट्ट्या उरतात. टाकवत नाहीत, म्हणून प्रश्न येतो की यांचं काय करायचं. श्रावण जवळ आला की त्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो: यांच्या वाती वळता येतील का? त्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. वाती अजिबात वळू नका. पांढरं आणि मऊ आहे म्हणून तो कापूसच असेल असं नाही. मीटरवर मिळणारी बरीचशी बॅटिंग पॉलिस्टरची असते. ज्योतीत ती वितळते, काळा धूर येतो आणि तापलेला थेंब निरांजनात पडतो. ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून घेतलेल्या बॅटिंगमध्येही तंतू धरून ठेवायला कृत्रिम धाग्याची पातळ जाळी किंवा चिकट द्रव्य असू शकतं. गणपतीची कापसाची वस्त्रं समईच्या जवळच असतात, म्हणून तीही पूजेच्या कापसाचीच करा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तुकडा कशाचा आहे ते ओळखणं. पंखा बंद करा, स्टीलच्या ताटलीवर सुपारीएवढा पुंजका चिमट्यात धरा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि पुंजका पेटवा. कापूस चटकन पेट घेतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे चिमटीत भुगा होणारी मऊ राख राहते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि निवल्यावर कडक मणी होतो. राख आणि कडक कण दोन्ही दिसले तर मिश्रण. तिन्हींच्या पिशव्या वेगळ्या करा आणि वर मार्करने लिहून ठेवा. एकदा मिसळले की पुन्हा प्रत्येक तुकडा जाळून बघावा लागतो.

आता पट्ट्या. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला चारी बाजूंनी 3 इंच जास्त बॅटिंग घेतली, तर 96 इंचांच्या दोन आणि 60 इंचांच्या दोन पट्ट्या उरतात. त्यातून 36 इंच लांबीचे सहा तुकडे निघतात, म्हणजे अशा दोन गोधड्यांचे बारा. कडा सरळ करताना प्रत्येकाची रुंदी साधारण अर्धा इंच कमी होते. बारा तुकडे जोडले की 36 बाय 30 इंचांचं, बाळाच्या दुपट्याला पुरेल एवढं अखंड अस्तर तयार होतं.

जोडताना तुकडे एकमेकांवर चढवू नका. चढवलेल्या जागी कायमचा उंचवटा राहतो आणि तो हाताला लागतो. दोन्ही कडा रोटरी कटरने (गोल फिरत्या पात्याच्या कटरने) सरळ कापा, शेजारी शेजारी टेकवा आणि मशीनच्या सर्वांत रुंद झिगझॅगने शिवा. 5 ते 6 मिलीमीटर रुंदी आणि 3 मिलीमीटर लांबीचा टाका पुरतो. मागून ओढू नका. बॅटिंग ताणली जाते आणि शिवण लाटांसारखी उठते. प्रेसर फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा, दाब कमी करता येत असेल तर करा. साध्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसतो, तिथे हाताने हेरिंगबोन टाका (एकमेकांना छेदत जाणारा तिरका टाका) घाला. दोरा घट्ट ओढला की कडा चुरगळते, सैल सोडला की फट पडते. कडा फक्त टेकलेल्या राहाव्यात इतकाच ताण ठेवा. गोधडीचे टाके मग या जोडांना आडवे जाऊ द्या, म्हणजे धुताना जोडावर ताण येत नाही.

एका अस्तरात एकाच प्रकारची आणि एकाच जाडीची बॅटिंग हवी. कापसाची बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटते, पॉलिस्टर जवळपास आटत नाही. दोन्ही जोडली तर धुतल्यावर एक बाजू सुरकुतते आणि ते मागाहून दुरुस्त होत नाही.

वरच्या हिशोबात प्रत्येक गोधडीमागे 24 इंचांचे चार तुकडे राहतात. कडा सरळ केल्यावर त्यांतून एक इंच रुंदीच्या आठ पट्ट्या निघतात, म्हणजे चार कापडी पिशव्यांचे बंद. 4 इंच रुंद कापडाची चौपदरी घडी घालताना मधल्या घडीत पट्टी ठेवायची आणि दोन्ही कडांनी टीप मारायची. बाजारातून भाजी आणताना किंवा ठाणे-वाशी लोकलमध्ये डबा घेऊन उभं राहताना असा बंद खांद्यात रुतत नाही. माझ्या मते उरलेल्या बॅटिंगचा सर्वांत चांगला उपयोग हाच, आणि इथे पॉलिस्टरही चालतं.

गरम भांड्याशी संबंध आला की मात्र फक्त कापूस. 8 इंचांच्या चौकोनात बॅटिंगचे दोन थर, बाहेरचं कापड सुती, दोराही सुती. पॉलिस्टर तव्याच्या किंवा कढईच्या उष्णतेने मऊ होऊन चिकटू शकतं आणि त्वचेला चिकटलं तर भाजणं जास्त खोल होतं. मायक्रोवेव्हमध्ये जाणाऱ्या वाटीच्या कव्हरलाही हाच नियम, शिवाय जरीचा दोरा नको. असं फडकं ओलं असताना वापरू नका. पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते.

हातभर लांबीपेक्षा लहान तुकडे मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, तपासायला ठेवा. ज्या बॅटिंगची गोधडी शिवणार त्याच बॅटिंगच्या 6 इंची तुकड्यावर, तेच कापड खालीवर घेऊन आधी दहा-बारा टाके मारा. खालचा दोरा वर दिसला तर वरचं टेन्शन सैल करा, वरचा खाली दिसला तर आवळा. पॉलिस्टरच्या तुकड्याने बॉबिन केसभोवतीचा (खालच्या दोऱ्याच्या डबीभोवतीचा) भुसा छान उचलला जातो.

टाचण्यांच्या उशीत कापूस भरू नका. कापूस हवेतला ओलावा धरतो, आणि जुलैच्या ठाण्यात टाचण्या गंजायला तेवढं पुरतं. तिथे पॉलिस्टरच हवं. मऊ खेळणी आणि लोड भरायलाही तेच, पण कातरीने कापून नव्हे, बोटांनी पिंजून. कापलेल्या चौकोनांच्या गाठी होतात. एसीच्या खोलीतली गार हवा दाराखालून जात असेल तर 4 इंच जाडीचा लांब लोड भरून फटीशी ठेवा. जाळीवाली बॅटिंग पिंजली जात नाही, ती बसायच्या आसनात थरांनी घाला.

साठवणीबद्दल एवढंच. कापसाची बॅटिंग पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली आणि आत जराही ओल राहिली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात. ती उशीच्या सुती अभ्र्यात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता ठेवा. मे महिन्यात एक दिवस कडक ऊन द्या आणि त्याच दिवशी निवल्यावर आत घ्या. पॉलिस्टरला प्लास्टिकची पिशवी चालते. बोटभर कतरण उरेल ती सुक्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. आतली कृत्रिम जाळी मातीत कुजत नाही.