दादाच्या पोटातला मुंडकार

चार महिने झाले लिहीन लिहीन म्हणतेय. आज दादा जेवून झोपलाय, पाऊस धो धो पडतोय, लाइट गेलीय आणि मोबाइलला साठ टक्के चार्ज आहे, तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दादाला एएमएल म्हणजे एक प्रकारचा ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर झाला, किमो झाल्या, मग डॉक्टर म्हणाले ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी घालणं, करावंच लागेल, म्हणून मुंबई. आम्ही दोघंच भावंडं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच व्हायचा चान्स चारात एक, तो आम्हाला लागला (लॉटरीचं तिकीट मात्र आजवर एकही नाही). मग पेशी देण्यासाठी मला पाच दिवस इंजेक्शनं, कंबरेची हाडं अशी ठणकायची की रात्री कूस बदलवेना, आणि मग मशीनला जोडून काही तास. ते सगळं वेगळं लिहीन कधीतरी. आज फक्त एका स्वॅबबद्दल, म्हणजे काडीने घेतलेल्या नमुन्याबद्दल, आणि त्यात सापडलेल्या मुंडकाराबद्दल (आमच्या गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा तो मुंडकार).

अॅडमिट झाल्या झाल्या सिस्टरने दादाचा रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून) घेतला. आम्हाला वाटलं असेल काहीतरी रुटीन. रिपोर्ट आला, क्लेबसिएला नावाचा आतड्यातला जंतू, कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिक्सना रेझिस्टंट म्हणजे न जुमानणारा, एनडीएम पॉझिटिव्ह, म्हणजे ती औषधं तोडणारं एन्झाइम त्याच्याकडे आहे. दादाला ताप नाही, जुलाब नाही, पोटात दुखत नाही, आदल्या संध्याकाळी तर वडापाव मागत होता! तरी दारावर पिवळा कागद लागला, आत जायचं तर गाऊन-ग्लोव्हज, त्याचा बीपीचा पट्टा वेगळा, स्टेथोस्कोप वेगळा.

आईने हे फार मनाला लावून घेतलं. आमची आई म्हणजे गणेशचवथीला सोवळ्यात असली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरसुद्धा आम्हाला उभं राहू देत नाही, आणि आता तिच्याच मुलाच्या खोलीला असा कागद. "आमच्या घरात काय घाण आहे गो?" हे तिने मला कॉरिडॉरमध्ये तीनदा विचारलं. शेवटी तिथली डॉक्टर, माझ्याच वयाची असेल, तिला बाजूला घेऊन बसली. म्हणाली मावशी, घाणीचा प्रश्न नाही, कुठून आला ते कुणालाच सांगता येणार नाही, आपल्याकडे धडधाकट माणसांच्या पोटातसुद्धा औषधांना न जुमानणारे जंतू सापडतात आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो. कागद दुसऱ्या पेशंटसाठी आहे, हातावरून त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून.

मग तिने जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धवट कळलं, नंतर वाचून वाचून कळलं. आम्ही सगळे बाहेरच्या जंतूंना घाबरून होतो, गाळलेली हवा, कुकरमध्ये शिजलेलंच जेवण, आईने फोंड्याहून आणलेली मिस्कूटची (कैरीच्या लोणच्याची) बाटली वहिनीने गपचूप परत बॅगेत टाकली, फळं नाहीत, फुलं नाहीत. आणि खरा धोका आतच बसलेला. ट्रान्सप्लांटच्या आधीची किमो जबर असते, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात आणि तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं अस्तर सोलवटतं. दादाला थुंकी गिळता येत नव्हती, तसंच आतड्यातही होत असतं. म्हणजे कुंपण पडलेलं आणि राखणदारही नाही. एरवी पोटात निमूट राहणारा जंतू तिथून सरळ रक्तात. त्यात प्रत्येक अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मरतात, रेझिस्टंटवाला तेवढा मरत नाही, मग सगळी जागा त्याचीच.

एनडीएममधलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये ते एन्झाइम सापडलं, तो पेशंट आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता म्हणून हे नाव, आणि २०१० मध्ये नावावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. नंतर दिल्लीच्या नळाच्या पाण्यातही सापडलं ते. नावावरून भांडलो तेवढे पाण्यावरून नाही भांडलो, असो.

सहाव्या रात्री ताप आला. १०१. वहिनी होती सोबत, तिने बेल दाबली. सिस्टरने लाइनमधून आणि हातातून कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायला) रक्त घेतलं आणि तासाच्या आत औषध चालू, कारण काउंट शून्य असताना ताप म्हणजे वाट बघायची नसते. इथे तो स्वॅब कामाला आला. तो नसता तर नेहमीच्या औषधाने सुरुवात झाली असती, कल्चरमध्ये जंतू उगवायला एखादा दिवस, कुठलं औषध चालेल हे कळायला आणखी वेळ, तेवढ्यात काहीही झालं असतं. स्वॅब माहीत असल्यामुळे सेफ्टाझिडीम-अॅविबॅक्टम आणि अॅझट्रिओनम एकत्रच लावलं. गंमत अशी की एनडीएमला अॅझट्रिओनम तोडता येत नाही, पण त्याच जंतूकडे दुसरी एन्झाइम्स असतात ती तोडतात, अॅविबॅक्टम त्यांना धरून ठेवतं तोवर अॅझट्रिओनम आपलं काम करतं.

कल्चरचा रिपोर्ट मी फोटो काढून ठेवलाय. औषधांची यादी आणि पुढे आर, आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेम या कार्बापेनेमपुढेही आर. कोलिस्टिन, जे किडनीला त्रास देतं म्हणून सत्तरच्या दशकात बाजूला पडलं होतं आणि आता नाइलाजाने परत आलंय, त्याच्यापुढे आय, म्हणजे इंटरमीडिएट, धड चालेल असंही नाही. ते आर बघून मला आमच्या घरातला बिस्किटांचा डबा आठवला, अर्ध्या-अर्ध्या स्ट्रिप्सचा. सर्दी झाली की त्यातली एक. संपली की रिकाम्या स्ट्रिपचा फोटो फार्मसीवाल्याला व्हॉट्सअॅप, संध्याकाळी पुडी तयार. खरं तर यातल्या बऱ्याच औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागतेच, आणि २०१४ पासून काहींसाठी रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहून तीन वर्षं जपायचं असतं. माझं नाव कुणी कधी लिहिलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही की लिही. दादाचा जंतू त्या डब्यातून आला असं मी म्हणत नाहीये. पण गेल्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा आई तो डबा काढायला उठली आणि मध्येच खाली बसली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ट्रान्सप्लांटनंतर सोळाव्या दिवशी काउंट आले, माझ्या पेशींचे, त्यावरून तो मला अजून छळतो की आता मलाही तुझ्यासारखा राग येतो. रक्तातलं कल्चर क्लिअर झालं.

पोटातला मात्र आहे अजून. मागच्या फॉलोअपला स्वॅब परत पॉझिटिव्ह, आई रडवेली. दादा म्हणाला, "अगो आई, मुंडकार तो. आपल्या आजोबांना भाटकाराने किती वेळा हाकलायला बघितलं, गेले काय ते?"

पुढचा स्वॅब चवथीनंतर. यंदा माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) आम्ही बांधणार, दादा लांबून बघणार.